केवलरामच्या चारशे बारा फायली

(१९९६. भिलाईतल्या एका फाउंड्रीचा इंटरकॉम. एका टोकाला कम्प्युटर रूममधली नलू, दुसऱ्या टोकाला जुन्या स्टोअरचे क्लर्क केवलराम.)

नलू : फोन ठेवू नका, काका! सकाळपासून अख्ख्या फाउंड्रीत कोणाचंच लॉगिन होऊन नाही राहिलं. गेटवर हजेरी अटकली.

केवलराम : माहं तं सात वाजता झालं.

नलू : वही तो! लॉगिन केलं की सर्व्हरच्या टेम्परेरी जागेत एक कच्ची फाइल बनते. एक्झिट केलं की मिटते. ती जागा फुल झाली. चारशे बारा फायली पडून आहेत, सगळ्या तुमच्या नावाच्या.

केवलराम : मी तं बटन बंद करतो ना रोज.

नलू : बटनानं फक्त तुमचं मशीन बंद होतं, सर्व्हरवरची फाइल तशीच राहते. पण दिवसातून पंधरा-पंधरा बार लॉगिन कावून करता? स्टोअर तर मार्चमध्येच रिकामं झालं.

केवलराम : असंच.

नलू : असंच काय? साहेबांनी रिपोर्ट मागितला आहे. खरं सांगा, नाहीतर मशीन उचलून नेतील तुमचं.

केवलराम : मशीन नको नेऊ, पोरी. लॉगिन केलं की त्याच्यावर 'नमस्ते केवलराम' येते...

नलू : सगळ्यांनाच येतं ते, काका.

केवलराम : येत असंल. स्टोअरात संगं चिंधू होता तवर 'अबे केवलराम, चाय' म्हणे. तो रिटायर होऊन गोंदियाले गेला. आता गेटवर 'स्टोअरवाले', घराकडं कॅम्पात 'बाबूजी'. मथुरेनं तं जनमभर नाव नाही घेतलं, उखाण्यात घेतलं तेवढंच. तिले जाऊन तीन वर्षं झाली. मले लय एकटं वाटते, नलू. मंग बटन बंद करतो, अन् पुन्हा चालू करतो.

नलू : ...थांबा. पुसून राहिले मी फायली. हां, गेटवाल्यांचं लॉगिन झालं. रिपोर्टमध्ये 'जागा भरली होती' एवढंच लिहिते.

केवलराम : मशीन राहीन ना?

नलू : राहील. पण एक्झिट विसरलात तर जागा पुन्हा भरेल, म्हणून तुमच्या नावाला दिवसाचं एकच लॉगिन ठेवते. त्याच्यापुढं माझ्या हातात नाही, काका.

केवलराम : एकच? आज करू का मंग?

नलू : आजचं तर सात वाजताच झालं तुमचं.

केवलराम : हो, झालंच ते. उद्यापासून सायंकाळी करत जाईन. सकाळ कशीबी निघून जाते.