तीर्थातली गोळी

आतल्या स्वयंपाकघरात एक वाटी घरंगळली आणि पिंपरीतल्या डॉक्टरांच्या राहत्या घरातल्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीतली शांतता मोडली. तापानं फणफणलेल्या नंदूला मांडीवर थोपटणाऱ्या मृदुलेच्या कानी शेजारच्या बाकावरचं बोलणं आपसूक पडू लागलं.

"वहिनी, दादा आत डॉक्टरांपुढे मुका बसलाय. तुम्हीच सांगा आता."

"काय सांगू, भाऊजी? त्या हिप्पीची नशेची गोळी मी नवऱ्याला चारली म्हणून?"

"पहिली तर त्यानं आपणहून घेतली होती."

"तेव्हा तो हिप्पी दिवसभर जवळ बसून होता. आमची बेबी देवाघरी गेल्यापासून यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. घरी आले नि म्हणाले, पद्मा, आपली बेबी भेटली. मग ढसाढसा रडले. पोटभर जेवले, कंपनीत जायला लागले. मला वाटलं, देवच पावला."

"म्हणून उरलेली गोळी देवघरात ठेवलीत?"

"सोमवारच्या उपासाला तीर्थात विरघळवून दिली. न सांगता. आणि यांना एकटं सोडून मी नळावर गेले."

"गोळी, तीही तीर्थात! धन्य आहे तुमची. दादा दापोडीच्या रुळांवर बेबीला हाका मारत होता."

"आता मलासुद्धा ओळखत नाहीत हो."

"हे कळलं नाही, तर डॉक्टर वेड समजून त्याला येरवड्याला धाडतील."

"आणि कळलं, तर सासूबाई मला घरात ठेवतील?"

"आईचं मी बघतो. आधी दादा."

पद्मानं पदर सावरला आणि डॉक्टरांचं दार ढकललं.

नंदू जागाच होता.

"आई, त्या काकांना त्यांची बेबी खरंच भेटली होती का गं?"