नापास व्हायचं ठरलं होतं

(धार, १९५३. वैशाखातली सकाळ. विनोदिनीच्या गच्चीवर तिघी मैत्रिणी कुरडया घालताहेत.)

रुक्मिणी : थांब, थांब. असं बीचमधून नको सांगू. देवासचे लोक मोटारीतून उतरले, फिर?

विनोदिनी : फिर काय, आले नि बसले! मुलगा शरच्चंद्र, त्याची आई, नि त्याचे काका दत्तोपंत. मी पोहे घेऊन गेले, ताटल्या ठेवते न ठेवते तोच काका म्हणाले, "मुली, सामान्यज्ञान कसं आहे तुझं?"

कुसुमावती : अगबाई! म्हणजे खरंच विचारतात ते?

विनोदिनी : प्रत्येक मुलीला! उज्जैनची एक तर ग्रहण कसं लागतं ते सांगता आलं नाही म्हणून नाकारली. मी मनातून इतकी खूश! म्हटलं आपलं ठरलंय ना, धडाधड चुकायचं. अण्णांनी शब्दच दिला होता, देवासकर नाही म्हणाले तर मॅट्रिकनंतर इंदूरच्या कॉलेजात, हो म्हणाले तर सरळ मांडवात.

रुक्मिणी : मालूम आहे ग. मीच तर बसून तुला गलत जवाब शिकवले. पुढे बोल.

विनोदिनी : पहिला प्रश्न, आपल्या मध्यभारताची राजधानी कोणती?

कुसुमावती : हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. यात काय!

विनोदिनी : पण रुक्मीनं सांगितलं होतं, एकच नाव घे, जवाब अर्धा राहील. म्हणून मी म्हटलं, इंदूर. तर काकांनी मांडीवर थाप मारली! "शाब्बास! सध्या वैशाख, म्हणजे इंदूरच. लोक उगाच दोन्ही नावं घोकत बसतात."

रुक्मिणी : हे भगवान! मौसम कोणाच्या ध्यानात होता!

विनोदिनी : पदरानं वारा घेत घेत शिकवत होतीस, नि ध्यानात नव्हता?

रुक्मिणी : चूप ग. दुसरा सांग.

विनोदिनी : दुसरा, संस्थानं विलीन झाली तेव्हा देवासला राजे किती होते?

कुसुमावती : दोन. एक थोरल्या पातीचे, एक धाकट्या पातीचे. गाव एकच नि राजे दोन, हे तर पाळण्यातलं पोरसुद्धा सांगेल.

विनोदिनी : म्हणून तर मी मुद्दाम म्हटलं, एक! म्हटलं एवढं मोठं चुकल्यावर कोण पास करतंय? तर काकांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "एकच! बरोब्बर एकच!" अगं, ते सारी उमर थोरल्या पातीत कारकून होते. धाकट्या पातीला ते राजा मानतच नाहीत!

रुक्मिणी : अरे भिया! मरून जाईन मी हसून!

विनोदिनी : हसू नको. शरच्चंद्राच्या आईचं माहेर धाकट्या पातीतलं. नि त्या बिचाऱ्या खाली मान घालून बसल्या.

कुसुमावती : बोलणार कशा? दीर आहेत ते.

विनोदिनी : तेच मी बघत होते ना! तेवढ्यात तिसरा प्रश्न. उन्हाळ्यात एवढं तापतं कशानं? मी म्हटलं, उन्हाळ्यात आपली पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून.

कुसुमावती : बरोबरच आहे की.

विनोदिनी : तू पण? चूक आहे कुसुम! आपण सूर्याच्या सगळ्यांत जवळ असतो ते जानेवारीत.

कुसुमावती : काहीतरीच! जानेवारीत तर दात वाजतात.

विनोदिनी : काका हुबेहूब हेच म्हणाले! पण ते नंतर. आधी तर एकदम, "मुलगी पसंत! साखर आणा!" नि आमची आई इतकी घाईत, वाटी घेऊन आलीसुद्धा.

रुक्मिणी : म्हणजे सगळं गलत बोलून तू पास?

विनोदिनी : फर्स्ट क्लास! नि तो शरच्चंद्र, बी.एस्सी. झालाय, शाळेत विज्ञान शिकवतो. त्याला माहीत नसेल? मी त्याच्याकडे बघितलं तर हा पोह्यांतले दाणे वेचून खातोय. मग मात्र माझ्यानं राहवेना. म्हटलं, काका, माझं उत्तर चूक आहे. नि तुमचं शाब्बासही चूक आहे, पृथ्वी सूर्याच्या जवळ असते ती जानेवारीत.

कुसुमावती : विनू! वडील माणसांना असं बोलतात?

विनोदिनी : साखर आली होती ग समोर! एक चिमूट तोंडात घातली असती, की जन्मभर उन्हाळ्यात सूर्य जवळ!

रुक्मिणी : सच्ची बात. फिर?

विनोदिनी : "जानेवारीत तर दात वाजतात!" म्हणत काका ताडकन उठले. मीही उठले. म्हटलं, नि देवासला राजे दोन होते.

कुसुमावती : तेही बोललीस!

विनोदिनी : निघालंच तोंडातून. शरच्चंद्राच्या आईनं एकदाच वर बघितलं माझ्याकडे. इतकं छान बघितलं ग. मग गेले सगळे. आज सकाळी निरोप आला, मुलगी उलट बोलते, जमणार नाही.

रुक्मिणी : जिंकलीस! चल, इंदूरची मोटार पकड!

कुसुमावती : थांब ग रुक्मी. अण्णा काय म्हणाले? एवढी माणसं घरातून रागावून गेली.

विनोदिनी : मला वाटलं, गेलं इंदूर. हा नकार मीच ओढवून आणलेला, आता शब्द कशाला पाळतील? मघाशी तुम्ही यायच्या आधी हाक मारली. म्हणाले, "ते जानेवारीचं खरं आहे?" मी म्हटलं, हो. "मग थंडी कशी पडते?"

रुक्मिणी : सांगितलंस ना?

विनोदिनी : लिंबू आणून दाखवलं. म्हटलं, अण्णा, पृथ्वी अशी कललेली आहे, आपली बाजू पलीकडे कलली की ऊन तिरपं पडतं, म्हणून थंडी. सगळं नीट ऐकलं त्यांनी. मग विचारलं, "पण ती कलली कशानं?"

कुसुमावती : कशानं?

विनोदिनी : मला नाही येत. तसंच सांगितलं, नाही माहीत म्हणून.

रुक्मिणी : हाय राम. मग?

विनोदिनी : लिंबू हातात फिरवून बघितलं. मग म्हणाले, "इंदूरला असेल कुणाला माहीत. विचारून ये, मला सांग."