बिरूतात्यांची लाल खूण

बारा सेकंदांच्या व्हिडिओला काय लागतंय, असं परत म्हणू नका गड्यांनो! जाहिरातवाले वेबसाइटवरनं विकत घेतात ना, तसला व्हिडिओ करायचा होता. धुळीतनं येणारा मेंढरांचा कळप. मी अन् कॅमेरावाला रफिक तीन दिवस रहिमतपूरच्या माळावर पडून! मेंढरांचे मालक बिरूतात्या, लय दिलदार. आमच्यापायी सात वेळा कळप मागं नेऊन परत आणला. सातव्या वेळी ऊन, धूळ, मेंढरं असं काय जमलं, रफिकनं मला मिठीच मारली!

अन् त्या परदेशातल्या वेबसाइटनं व्हिडिओ नाकारला. म्हणे, मेंढरांच्या पाठीवर कंपनीचा शिक्का दिसतोय, कंपनीची लेखी परवानगी आणा.

शिक्का कसला? मेंढरं ओळखू यावीत म्हणून तात्यांच्या घराण्यानं लावलेली लाल खूण ती! तवर तात्या कळप घेऊन पलूसकडं गेलेले. मोटरसायकलवर दोन दिवस हुडकलं, तवा एका रानात सापडले. सगळं सांगून कागद पुढं केला.

तात्यांनी झोकात सही ठोकली अन् म्हणाले, "बघ रं! खूण दिसली की परदेशातली माणसंबी मालकाला इचारत्यात. आन् हितल्या चोरांनी परवा दोन मेंढरं नेली, कुणी इचारलं न्हाई!"