मागितलंच नाही, तर थकलं कसं?

मंडळी, ऐका! आज प्रश्न एकच. जे कधी मागितलंच नाही, ते थकलं असं म्हणता येतं का? माना डोलवू नका, आधी ऐका!

एका बाजारगावी गुणाबाई सुतके यांचं मिरची कांडप होतं. नवऱ्यामागे बाईंनी एकटीनं चालवलेलं. उन्हाळा लागला की दारात पोत्यांची रांग! त्या दोन महिन्यांवर घराचं वर्ष निघायचं. म्हणून विजेचं बिल आलं की दुसऱ्याच दिवशी भरायच्या — वीज गेली तर मुसळं थांबणार!

आणि ऐन हंगामात दारात अवतरले — कोण? वीज कार्यालयाचे निलाखे साहेब! नाकाला रुमाल, मागे शिडी घेतलेला लाईनमन.

"बाई, सहा वर्षांची थकबाकी आहे. पंधरा दिवसांत भरा, नाहीतर वीज तोडू."

"थकबाकी? अहो, एक बिल चुकवलं नाही मी!"

"बिल नाही चुकलं. गुणक चुकला. तुमच्या मीटरचा आकडा दोननं गुणायचा असतो. आमच्याकडून राहिला."

"सहा वर्षं राहिला?"

"होतं असं."

होतं असं! मंडळी, तुमच्या पोराचा पाढा चुकला तर छडी पोराला. साहेबांचा बेचा पाढा चुकला, तर छडी गुणाबाईंना! काय हा हिशेब!

बाई म्हणाल्या, "साहेब, तेव्हाच्या बिलावरून मी कांडपाचा दर लावला. आता सहा वर्षांच्या गिऱ्हाइकांच्या दारात जाऊन मागू?"

"मागा की!" साहेब म्हणाले. आणि शिंकले.

 शेवटी बाई वीज ग्राहकांच्या तक्रार मंचापुढं उभ्या राहिल्या, साहेबांनाही बोलावणं गेलं. अध्यक्षबाईंनी चष्मा पुसला. "साहेब, ही थकबाकी याआधी कुठल्या बिलात दाखवलीत?"

"कशी दाखवणार? आम्हालाच माहीत नव्हती!"

"तुम्हालाच माहीत नव्हती, ती बाईंनी थकवली कशी?"

साहेबांनी रुमाल काढला. या वेळी मिरची नव्हती, तरी काढला!

अध्यक्षबाई म्हणाल्या, "दोन वर्षांपलीकडची बाकी, मधल्या बिलांत सतत दाखवलेली नसेल, तर तिच्यासाठी वीज तोडता येत नाही. हवी तर कोर्टात जाऊन मागा. तारेला हात लावायचा नाही."

"आणि अलीकडची दोन वर्षं?" साहेबांचा आवाज बारीक.

"ती देते की," गुणाबाईच बोलल्या. "वीज वापरली आहे मी. फक्त हप्ते करून द्या." आणि तशाच कांडपावर गेल्या, पोती खोळंबली होती.

हसलात? साहेबांना हसलात! आता घरी जाल. सुनेच्या हातून दूध उतू जाईल. लगेच तुमचं सुरू — "हिच्या बापानं लग्नात साधी मानाची टोपी दिली नाही!" वीस वर्षांपूर्वीची टोपी! मांडवात मागितली होती? छे! तेव्हा तुम्ही चौथा लाडू मोडत होता! तिला माहीत नसलेली बाकी तिच्या नावावर चढवायची, आणि भरली नाही की बोलणं तोडायचं. निलाखे साहेबांनी निदान पंधरा दिवस तरी दिले होते हो! तुम्ही तेवढेही देत नाही.

आणि साहेबांना मंचापुढं उभं राहावं लागलं. तुम्हाला कोण उभं करणार? सून? तिला तर तुम्ही बसूसुद्धा देत नाही!

चला, हात जोडा आता देवापुढं. पण ती टोपी आधी खाली ठेवा — टोपी हातात धरून हात जुळत नाहीत!