पहिल्या धड्यातली बाई

...आणि वर मलाच विचारतात, "मिस अर्नेस्टीन, एवढं चिडायचं कारण काय होतं?" मी चिडले नव्हते. मी रागावलेली नाही. हे तुम्ही आधी मनात पक्कं करा, मगच मी पुढचं सांगते, कारण हल्ली माझं पुढचं कोणी ऐकतच नाही. चेहरा पाहतात, ऐकल्यासारखं करतात आणि निघून जातात.

तर केटूरा. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा ही सहा वर्षांची होती. तेव्हापासून मीच मावशी आणि मीच आई. आज चौतीस वर्षांची आहे, अटलांटातल्या मोठ्या इस्पितळात शस्त्रक्रियेच्या खोलीतली नर्स आहे, भले भले सर्जन तिच्या धाकात हात धुतात. आणि हसणं? तुम्हाला सांगते, ही पोरगी चर्चच्या तळघरात हसली की बाहेर गाड्या लावणारे डीकन, म्हणजे चर्चचे कारभारी, वळून बघायचे. गळाही तसाच. आमच्या चर्चमध्ये जुनी भजनं अजून ओळ उचलून म्हणतात: एकाने उभं राहायचं, उजवा हात वर करायचा, पुस्तक नाही, पियानो नाही, एक ओळ टाकायची, आणि साऱ्या सभेने ती ओढून ओढून परत द्यायची. गुलामगिरीत आमच्या काळ्या लोकांना वाचू देत नसत, त्या काळापासूनची रीत. अडतीस वर्षं ती ओळ मी उचलते आहे. यंदा चर्चच्या वर्धापनाच्या रविवारी सर्वांसमक्ष मी ती केटूराच्या स्वाधीन करायची, असं ठरलं होतं. एवढंच मागणं होतं माझं देवाकडे. जास्त मागायची मला सवय नाही.

आणि नेमकी तेव्हाच उपटली ही मादाम सोलांज. मादाम कसली, जवळच्या मेकन गावची आहे, हिच्या आजीला मी ओळखत होते, बाई देवभीरू होती. ही फोनवर धडे देते: श्रीमंत पुरुष कसा मिळवावा. केटूराने एक मला ऐकवला. मधात बुडवून काढलेल्या आवाजात ती म्हणते, "राणी, तू खोलीत पाऊल टाकतेस ना, त्याआधीच एक बाई तिथे जाऊन बसलेली असते. टीव्हीवरची. आपल्याच रंगाची. मान झटकणारी, बोट नाचवणारी, ओरडणारी. पुरुषाने तिला हजारदा पाहिलंय. तू तोंड उघडलंस की त्याला ती दिसते. म्हणून तोंड कमी उघड, राणी."

आता खोटं बोलू का? त्यातलं निम्मं खरं होतं, म्हणून तर अंगावर काटा आला. मीही पाहिली आहे ती बाई. बँकेत मी रांगेत उभी असते आणि ती माझ्या आधी खिडकीशी पोचलेली असते. खिडकीतला माणूस माझ्याशी बोलतो ते तिच्याशी बोलल्यासारखं, जरा मागे सरकून. पण म्हणून स्वतःच नाहीसं व्हायचं? हा कुठला उपाय?

उत्तर देण्याआधी तीन आकडे मोजायचे, हा त्या धड्यांतला एक नियम. "केटूरा, जेवलीस का?" एक... दोन... तीन. "हो, मावशी." "अगं, नळ गळतोय." एक... दोन... तीन. "तू म्हणशील तसं." माझे आई, पंधराव्या वर्षी याच पोरीने हाच नळ पाना घेऊन स्वतः बदलला होता. आणि हसायचं ते बिनआवाजी. एकदा दुपारी मी तिला डीकन रूफस बाप्तिस्म्याच्या हौदात टोपीसकट कसे पडले ते सांगितलं. ती हसली. दात दिसले, खांदे हलले, डोळ्यांत पाणीसुद्धा आलं... आवाज नाही. मला फ्रिजची घरघर ऐकू आली. मी उठून दुसऱ्या खोलीत गेले.

"वर्धापनाला ओळ उचलणार ना, बाळ?" एक... दोन... तीन... चार... "मावशी, मिस्टर प्रेस्कॉट येतील कदाचित. त्यांना मोठा आवाज सोसत नाही."

कोण हे प्रेस्कॉट? सात डायलिसिस केंद्रांचे मालक. असोत बापडे.

मी रागावलेली नव्हते. पुढच्या रविवारी प्रार्थना झाली, आणि तशीच, डोक्यावर हॅट, हातांत पांढरे हातमोजे, त्या हॉटेलात गेले जिथे हे दोघं जेवायला बसतात. आत शिरले आणि पाय थबकले. केटूरा होतीच खिडकीपाशी, सायीच्या रंगाचा झगा, मान डावीकडे किंचित कललेली. पण तिच्या पलीकडच्या टेबलावर तशीच मान. त्याच्या पलीकडे तशीच. सहा टेबलं, आमच्याच सहा पोरी, सहा सायीचे झगे, सहा माना एकाच कोनात, आणि एकीचाही आवाज नाही. मी जवळ गेले. प्रेस्कॉट विचारत होते, "मासा आवडला?" एक... दोन... तीन. "छान आहे." एक... दोन... तीन. "बरं वाटलं." हो, तोही मोजत होता. पुरुषांनाही असेच धडे देणारा कोणी आहे म्हणे. दोन माणसं समोरासमोर बसून मनातल्या मनात आकडे मोजताहेत, आणि आम्ही याला लग्नाची बोलणी म्हणायची?

मग मी चूक केली. चूक कशी म्हणू, आमच्या चर्चमधला कोणीही हेच करता. ओळ टाकली की आमच्याकडे मूल झोपेतसुद्धा परत देतं. अनुत्तरित ओळ आम्ही कधी पाहिलेलीच नाही. म्हणून मी तिथेच उभी राहिले, हातमोजा घातलेला हात वर केला आणि ओळ उचलली.

एक... दोन... तीन.

आणि आली हो परत. शब्द नाहीत. घशातून, खोलवरून, गुणगुण. केटूराकडून, मग पलीकडून, मग सहाही टेबलांवरून. ओठ मिटलेले, हसू जागच्या जागी, माना कललेल्या, आणि जमीन बोलते आहे तसा तो आवाज. प्रेस्कॉटनी वाकून टेबलाखाली पाहिलं. केटूराच्या गालावरून पाणी ओघळत होतं, आणि तोंड मात्र बंद.

कोणीतरी फोन धरला होता. नऊ सेकंदांचा व्हिडिओ. त्यातला आवाज काढून टाकलेला. उरलं काय? एक हॅटवाली काळी बाई, वर उगारलेला हात, आ वासलेलं तोंड. खाली लिहिलं: 'हॉटेलात खवळलेली बाई.' आठवडा संपायच्या आत मादाम सोलांजने तो आपला पहिला धडा केला. "बघ, राणी. हीच ती. तुझ्या आधी खोलीत पोचते."

प्रेस्कॉट गेले. केटूराने धडेही सोडले, ते सांगायला हवं. वर्धापनाला माझ्या शेजारी उभी राहिली. मी तिचा हात वर केला. सारं चर्च थांबलं. तिने गुणगुण केली, फार सुंदर, ओठ मिटून. शब्द नाही. शेवटी ओळ मीच उचलली.

गाडीत विचारलं, "बाळ, तोंड का नाही उघडलंस?"

तिने या वेळी मोजलं नाही. म्हणाली, "उघडल्यावर कसं दिसतं ते पाहिलं गं, मावशी."

तर एकाहत्तराव्या वर्षी अजून मीच उभी राहते. समोर नव्या पोरी बसतात, माझ्या तोंडाकडे बघतात आणि जरा मागे सरकतात. मी रागावलेली नाही. आता वर जायचे दिवस आले. दारात जो कोणी उभा असेल त्याला, हॅट नीट करून, शांतपणे, एवढंच विचारणार आहे: बाबा रे, इथे तरी आवाज चालू ठेवता ना?