अव्वाच्या कुंपणाचं पान

मी मूळची जतकडची, पार कर्नाटकाच्या शिवंवरची. आईला आमी अव्वा म्हणायचो, तिकडं कानडी लय. घराभवती फड्या निवडुंगाचं कुंपण न् आत मेंढरं. काय सांगू तुमाला, दुष्काळात चारा संपला की अव्वा निवडुंगाची पानं जाळावर धरायची, काटं जळालं की चिरून मेंढरास्नी घालायची, आन आमी पोरं त्याची लाल बोंडं खाऊन जिभा रंगवायचो. उपाशी हुतो, पर गोड दिस हुतं ते.

कुंपणात खिंड पडली की अव्वा नवं पान लावायची, पर कापल्याबरोबर न्हाई. आदी सावलीत ठिवायची. म्हणायची, जखम वाळू दे, मग आपसूक रुजतंय. मला हितं तासगावाकडं दिली तवा सासूबाईंला हात जोडून तेच म्हणली, पोरगी नवी हाय, जरा जखम वाळू द्या.

अव्वा दिवसा बोलायचीच न्हाई, उनात तोंड सुकतंय म्हणायची. रातीला गारवा सुटला की मग गोष्टी. माजी सून शिकल्याली हाय, ती म्हणती, आत्या, निवडुंग बी तसाच, दिवसा मिटून बसतो न् रातीला श्वास घेतो. मला लय रडू आलं.

औंदा भाच्याचा फोन आला, रस्ता रुंद हुतोय, कुंपण निघणार. मी यष्टीनं गेले. आवं, निवडुंग बी पापडावानी सुरकुतला हुता, असलं ऊन आमी कवा बघितलं न्हवतं. अव्वा जाऊन लय वर्सं झाली, तिच्या हातचं म्हणून तेवढंच ऱ्हायलं हुतं. दोन पानं घिऊन आले.

एक वाळवून तुळशीजवळ लावलं. पर हिकडची माणसं द्राक्षातली, झाड दिसलं की पाणी घालणारच. सून मायेनं रोज तांब्या वतायची, त्या उनात तिला त्याची कीव यायची. मला समजंपतुर पान कुजून पाणी पाणी झालं. मी तिला लय बोलले. ती पोर गप रडली. दुसरं पान तिनंच, पोरांच्या पायात काटं नगं म्हणून, बेदाण्याच्या शेडमागं दगडावर टाकलं हुतं, ते दोघी बी इसरलो. त्या उनात द्राक्षाचं मणी वेलावर भाजलं, तितं पान कशाचं जगतंय?

परवा सून पळत आली, आत्या, चला. बघतोय तर दगडाच्या फटीत मुळ्या गेल्याल्या, न् वर बोटाएवढं नवं हिरवं पान. अव्वाच हुबी ऱ्हायली वाटलं मला. सुनंच्या हातात भरला तांब्या, आन भीत भीत इचारती, घालू का नगं?

म्हणलं, त्येला नगं, मला दे. मी घटाघटा पिले. लय गोड लागलं बघा. मग तिला जवळ घेतली, अव्वानं मला घेतली आसती तशी. सुखात ऱ्हावं लेकरू. माज्या मागं ते पान तीच सांभाळंल.