दिलीपदादाच्या गाडीचा ब्रेक

नायकबाबा, याडी, वहिनी, आणि तांड्यातली, फुलसावंगीची सगळी मंडळी,

नववीत शाळा सोडली मी. चार माणसांसमोर उभं राहाची सवय नाही. मगाशी मागं बसून हे कागदावर लिहिलं, कारण नुसतं बोलाले लागलो तर मधातच थांबीन. आणि आज मले थांबून चालत नाही.

मी विलास. दिलीपदादाच्या गॅरेजात पाना धराले शिकलो. एका जागी माझा पाय टिकत नाही. सुरत झालं, पुणं झालं, आता दिल्लीकडे भंगारातल्या गाड्या तोडून राह्यलो. दादाच्या मातीले पोचलो नाही. आज तेराव्याले आलो.

बाहेर ती पांढरी गाडी उभी आहे, हार घातलेली. किती टिंगल केली आपण तिची! "दिलप्या, हे इंजिन होय का पिठाची गिरणी?" दादा म्हणे, "गिरणीच आहे. घाट दळून दाखवतो."

चार सिलिंडरचं साधं इंजिन. नवं सामान घ्यायची ऐपत नाही. दादाले त्यावर ब्लोअर बसवायचा होता. ब्लोअर म्हणजे इंजिनात जबरदस्तीनं हवा कोंबायचं यंत्र. परदेशी गाडीचा ब्लोअर मी भंगारातून, नळ्यांसकट, धाडला. पुली पुसदच्या लेथवर कातली. पट्टा खरंच गिरणीचा. दाब पाहाले पंक्चरवाल्याचं मीटर. आणि हौस एकच: पाच माणसं बसवायची, घाट चढायचा, गिअर बदलायचा नाही.

त्या दिवशी दादा एकटाच गेला. आणि चढला, मंडळी. खाली उभ्या असलेल्या अमोलनं, त्याच्या लहान भावानं, आवाज ऐकला. एकदाही गिअर बदलला नाही. दादा जिंकला होता. मग वरचं वळण आलं, अन् पलीकडचा उतार.

तुम्ही काय म्हणता? नजर लागली. वेगाचा नाद होता. चाकाखाली लिंबू नाही ठेवलं.

नजर नाही, मंडळी. मी.

ऐका. इंजिनातून एक नळी ब्रेककडे जाते. साधं इंजिन त्या नळीतून हवा ओढते, म्हणून आपला पाय हलका पडते. ब्लोअर उलटं करते. हवा ढकलते. ती ब्रेककडे जाऊ नये म्हणून नळीत एक इवलासा वॉल असते, सायकलच्या ट्यूबमध्ये असते तसा. भंगारातून काढताना तो चिरला. मी फेकून दिला. जागी सरळ पितळी नळी ठोकली. वाटलं, एवढ्याशा प्लास्टिकनं काय होते? दादाले सांगितलंही नाही.

आदल्या दिवशी दादाचा फोन आला. "विलास, ब्रेक एखाद्या टायमाले दगडासारखा होऊन राह्यला रे. पुन्हा दाबला की लागते."

मी हासलो. म्हटलं, "दादा, म्हातारा झाला तू. पायात जोर नाही राह्यला. थोडी चालव, ब्रेक मोकळा होईल."

म्हणून तो चालवाले गेला. ऐकलं न तुम्ही? माझ्या सांगण्यावरून गेला.

दादा गेल्यावर दिल्लीकडच्या एका जुन्या मिस्त्रीनं मले विचारलं, "नळीतला वॉल होता न?" तवापासून मले जेवण जात नाही.

याडी, तू दादाची माय, तुझ्यासमोर हे बोलाले लाज वाटते. पण बोलाच लागते. कारण अमोलनं बारा दिवसांत गाडीचं तोंड सरळ केलं. नवा रेडिएटर टाकला. नळी तीच आहे. आज जेवणं झाली की दादाचा फोटो समोर ठेवून, चार दोस्त बसवून, तो त्याच घाटात जाणार आहे. पाच माणसं. दादाची राहिलेली इच्छा.

सकाळी त्याले सांगितलं. तो म्हणे, "मातीले आला नाही, आता मले शिकवाले आला! ब्रेक मी तपासले. चांगले लागतात."

लागतीलच रे अमोल. उभ्या गाडीत ब्लोअर जोर करत नाही, म्हणून लागतील. गल्लीत लागतील. चढावरही काही कळणार नाही. वर पोचून ब्रेकवर पाय ठेवशील, तवाच कळेल. दादाले कळलं तसं.

नायकबाबा, तांड्याचा न्याय तुमच्याकडे, मले जो दंड लावायचा तो लावा. पोलिसांत मी स्वतः जातो. पण या अमोलकडून किल्ली आधी घ्या.

शोकसभेत दोन मिनिटं उभं राहतात म्हणे. आज घड्याळ नका पाहू. अमोल जवा गाडीची किल्ली याडीच्या हातात देईल, तवाच आपण बसू. तोवर गप उभं राहू.

दादा, माफ कर.

उठा, मंडळी.